एका नावाच्या दोन किडी

आपल्या भागातल्या घरांत एका वस्तूला दोन नावं असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. कांदा म्हटलं काय नि उळ्ळागड्डी म्हटलं काय, फोडणीत पडायचं ते पडतंच. आमच्याकडे ज्वारी आणि जोळ, करंजी आणि करिगडबु एकाच पंगतीत बसतात आणि मुलं दोन्ही नावं तोंडात घेऊनच मोठी होतात. त्याचा त्रास कुणाला झाल्याचं मला आठवत नाही. त्रास होतो तो याच्या उलट झालं की. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं, म्हणजे माणसं एकीचं औषध दुसरीला देत बसतात आणि गुण का येत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

मी मराठी शिकवते. शब्द, त्यांची कुळं, त्यांची सोयरीक हा माझा रोजचा धंदा. किडामुंगीशी माझा संबंध झाडू आणि सुपलीपुरताच. पण २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या परड्यातल्या नारळामुळे एका अगदी बारीक किडीची माझी ओळख झाली, आणि तिच्या नावाचा माग काढताना मी भाषेच्या वर्गातून थेट प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले.

हा नारळ माझ्या सासऱ्यांनी लावलेला. वेंगुर्ल्याहून एस.टी.त मांडीवर धरून आणलेलं रोप त्यांनी विहिरीपासून पाच-सहा हातांवर लावलं होतं. सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासूबाई धारवाडच्या, माहेर कानडी. सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या त्या नारळाच्या बुंध्याशी ओततात. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनीच मला हाक मारून दाखवलं, "तेंगिगे एनो रोग बंदैती, नोडव्वा." नारळाला काहीतरी रोग आलाय, बघ गं.

खालच्या झावळ्यांवर पिवळे डाग पडले होते. काही झावळ्या तर लांबून पाहिल्या तर हळद शिंपडल्यासारख्या दिसत होत्या. घरच्यांनी औषधाच्या दुकानात जाऊन वर्णन सांगितलं. दुकानदारानं पान न बघताच "पांढरी माशी" असं निदान केलं आणि एक बाटली दिली. वरपासून खालपर्यंत फवारा मारा म्हणाला. त्याचंही एका अर्थी चूक नव्हतं. नारळावरची ती परदेशी पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडू-केरळच्या बाजूला पहिल्यांदा सापडली आणि पुढं कर्नाटक, गोव्यापर्यंत आली. तेव्हापासून नारळावर पांढरं किंवा पिवळं काही दिसलं की तिचंच नाव पुढं येतं. पण सासूबाईंनी बाटली न्हाणीघराच्या फळीवर ठेवून दिली. झाडाखाली विहीर आहे, वरून मारलेलं औषध जाणार कुठं, हा त्यांचा साधा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

मी एक झावळीचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजात नेला आणि प्राणिशास्त्राच्या मॅडमपुढे ठेवला. त्यांनी पान उलटं केलं, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "अहो, माशीबिशी नाही ही. ही जागची हलतसुद्धा नाही. आधी ही आहे कोण ते कळू दे, मग बाटलीचं बघू."

भिंगातून मी पाहिलं. पानाच्या मागच्या बाजूला शेकडो बारीक चकत्या चिकटल्या होत्या. प्रत्येक चकती जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, साबुदाण्याच्या पापडीसारखी पातळ आणि अर्धपारदर्शक. मधोमध हळदीचा ठिपका ठेवावा तसा पिवळा गोळा. मॅडमनी सुईच्या टोकानं एक चकती अलगद उचलली. चकती वेगळी झाली आणि तो पिवळा गोळा पानावरच राहिला. "ही पहिली खूण," त्या म्हणाल्या. "ढाल वेगळी, अंग वेगळं."

मराठीत या किडींना खवले कीड म्हणतात, कानडीत शल्क कीट. माशाचा खवला असावा तशी दिसणारी म्हणून. पण खवले किडींतही घराणी आहेत. ज्यांचं कवच अंगापासून सुटं होतं त्यांचं घराणं डायस्पिडिडी. त्यात अडीच हजारांहून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. या घराण्यातल्या नारळावरच्या किडीचं कुलनाव अ‍ॅस्पिडिओटस. ग्रीक भाषेत 'अ‍ॅस्पिस' म्हणजे ढाल, कानडीतली गुराणि. दुसऱ्या एका घराण्यातल्या खवले किडींचं कवच अंगाचाच भाग असतं, ते सुटत नाही. सुईच्या एका टोकानं घराणं कळतं, हे मला फार आवडलं. आमच्याकडे आडनाव विचारून जे कळत नाही ते इथं एका टोचणीत कळतं.

ही ढाल तयार कशी होते हे ऐकून तर मी थक्कच झाले. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू चालतं. त्याला सहा पाय असतात आणि थोडा वेळ ते पानावर हिंडून जागा शोधतं. वाऱ्यावर उडून, पाखरांच्या पायाला किंवा माणसाच्या कपड्याला चिकटून ते दुसऱ्या झाडावर जातं ते याच काळात. एकदा जागा पसंत पडली की ते केसासारखी बारीक सोंड पानात खुपसतं. ही सोंड त्याच्या स्वतःच्या अंगाहून लांब असते. मग पहिली कात टाकताना पाय कायमचे जातात. मादी त्यानंतर मरेपर्यंत तिथून हलत नाही. अंगातून मेणाचे धागे सोडायचे आणि शेपटाचं टोक गवंड्याच्या थापीसारखं इकडून तिकडे फिरवत ते लिंपायचे, असं तिचं घर बांधणं चालतं. टाकलेली कातही ती वाया घालवत नाही, ती त्याच घराच्या छपरात बसवते. नर मात्र शेवटी पंख फुटून बाहेर पडतो. पण त्याला तोंडच धड नसतं, तो फार थोडा वेळ जगतो.

ढालीवरून घराणं कळलं, पण जात कळायला ढाल पुरत नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या कितीतरी आहेत, आणि एकाच जातीची ढाल पानावर वेगळी, फळावर वेगळी दिसू शकते. म्हणून मादीची काचपट्टी करावी लागते. मॅडमनी ती माझ्यासमोर केली. दोन-चार माद्या पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणात ठेवल्या, आतला मऊ भाग हळूच दाबून काढला, उरलेलं पारदर्शक कातडं पाण्यानं धुऊन गुलाबी रंगात बुडवलं, मग अल्कोहोल, मग लवंगेचं तेल. प्रयोगशाळेत दाढदुखीच्या दवाखान्यासारखा वास सुटला. शेवटी कॅनडा बाल्समच्या थेंबात ते कातडं बसवून वरून पातळ काच ठेवली. एवढा खटाटोप आठवडाभर पुरतो, कारण थेंब सुकायलाच वेळ लागतो.

मग सूक्ष्मदर्शकाखाली मला तिची खरी ओळख दिसली. या किडींच्या पोटाचे शेवटचे खंड एकमेकांत मिसळून एक पातळ पट्टी बनलेली असते. तिला पायजिडियम म्हणतात. या पट्टीची कड कातणीनं कापलेल्या करंजीच्या कडेसारखी असते. तिच्यावर बारीक दाते, दात्यांमध्ये झालरीसारखे काटे, आत मेण सोडणाऱ्या नळ्यांची तोंडं. दात्यांच्या किती जोड्या, ते कसे टोकदार की बोथट, झालर कुठवर जाते, नळ्या आखूड की लांब, छिद्रांचे किती पुंजके, हे सगळं मोजायचं आणि पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून बघायचं. व्याकरणात विभक्तीचे प्रत्यय पाहून शब्दाचं नातं ठरवतात, तसंच थोडंसं. शब्द कितीही सारखे दिसोत, शेवटाला काय लागलंय त्यावर सगळं अवलंबून.

आमच्या नारळावरच्या किडीचं नाव निघालं अ‍ॅस्पिडिओटस डिस्ट्रक्टर. डिस्ट्रक्टर म्हणजे विध्वंस करणारी.

हे नाव ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. पण नावाची हकीकत ऐकल्यावर जरा धीर आला. व्हिक्टर सिन्योरे या फ्रेंच कीटकतज्ज्ञानं १८६९ मध्ये ते दिलं. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरच्या नारळांचं तिनं नुकसान केलं होतं, तेच डोळ्यांपुढं ठेवून हे नाव पडलं. पुढं श्रीलंकेत एडवर्ड अर्नेस्ट ग्रीन यांनी १८९० मध्ये हीच कीड पाहिली, तेव्हा त्यांचं लक्ष गेलं तिच्या आरपार दिसणाऱ्या ढालीकडे. त्यांनी नाव दिलं ट्रान्सपॅरेन्स, म्हणजे पारदर्शक. एकानं झाडाची अवस्था पाहून नाव ठेवलं, दुसऱ्यानं किडीचं रूप पाहून. पुढं दोन्ही एकच ठरल्या. अशा वेळी शास्त्रात नियम असा की जे नाव आधी छापून आलं ते राहतं. त्याला काय अर्थ आहे, ते शोभतं की नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून विध्वंसक राहिली आणि पारदर्शक मागं पडली. मोठ्या भावाचं नाव चालायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाजच.

ग्रीन हे नाव आपल्या ऊसवाल्या शेतकऱ्यांनीही ऐकून ठेवण्यासारखं आहे. उसाच्या कांड्यांवर पाचटाखाली काळपट गोल पापुद्रे बसतात, ती खवले कीडही याच घराण्यातली. मेलानास्पिस ग्लोमेराटा हे तिचं आजचं नाव, आणि तिची पहिली शास्त्रीय नोंद ग्रीन यांनीच १९०३ मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून केली. तिच्यासाठी वडीलधारी माणसं सांगत आली तेच शास्त्रही सांगतं: बेणं स्वच्छ घ्या, किडकी कांडी लावू नका, पाचट वेळेवर काढा. पाय नसलेली कीड दूरच्या शेतात जाते ती बहुतेक माणसानं नेलेल्या बेण्यातून.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एक वस्तू, दोन नावं, हा गोंधळ ग्रंथालयात बसून निस्तरता येतो. पण दोन किडींना एकच नाव पडलं तर काय होतं, याचं उदाहरण फार दूरचं नाही. ते फिलिपिन्समधलं आहे, आणि तिथलं घर आणि शेत आपल्या कोकण-गोव्यासारखंच नारळावर उभं आहे.

२००९-१० च्या सुमारास मनिलाच्या दक्षिणेला बातांगास प्रांतात नारळ पिवळे पडू लागले. पानाच्या मागं तीच पापडी, तोच पिवळा ठिपका. डिस्ट्रक्टर तिथं जुन्या काळापासून माहीत होती, तेव्हा सगळ्यांनी तीच समजली. ही कीड कधीमधी वाढते, मग तिला खाणारे ढालकिडे आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या वाढतात आणि तिला खाली आणतात, असा पूर्वीचा अनुभव होता. त्यामुळे वाट पाहिली गेली. या वेळी ढालकिडे आले, पण कीड हटेना. झावळ्या करपल्या, लाखो झाडांना लागण झाली, काही महिन्यांत उभी झाडं मेली. खोबऱ्यावर पोट असणाऱ्या कुटुंबांचं काय झालं असेल, हे कोकणात नातेवाईक असलेल्या माणसाला सांगायला नको. जून २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना या एका किडीसाठी आणीबाणीचा आदेश काढावा लागला. खोडाला भोकं पाडून औषध टोचणं, किडक्या झावळ्या तोडून जाळणं, वाहतुकीवर बंदी, असं सगळं सुरू झालं.

याच काळात तज्ज्ञांनी काचपट्ट्या तपासल्या आणि किडीचं खरं नाव पुढं आलं: अ‍ॅस्पिडिओटस रिजिडस. ही वेगळीच जात होती. आणि ती नवीही नव्हती. इंडोनेशियात सुलावेसीच्या उत्तरेला सांगी नावाचं बेट आहे. तिथं १९२५ ते १९२८ या काळात नारळांवर अशीच धाड आली होती. राइने नावाच्या डच शास्त्रज्ञानं तिचा अभ्यास केला आणि १९४७ मध्ये डिस्ट्रक्टरचीच एक उपजात म्हणून तिला रिजिडस हे नाव दिलं, कारण तिच्या मादीचं कातडं ताठ, चिवट असतं. पुढं तिला स्वतंत्र जातीचा मान मिळाला. त्यांनी लिहून ठेवलेलं सगळं जवळपास साडेसहा दशकं ग्रंथालयात पडून होतं. फिलिपिन्समध्ये ते हाताशी आलं तेव्हा झाडं गेलेली होती.

राइने यांनी ओळखण्याची एक साधी खूणही लिहिली होती, आणि ती भिंगातूनही दिसते. डिस्ट्रक्टरची मादी ढालीखाली अंडी घालताना स्वतःभोवती गोल फिरत जाते, त्यामुळे अंडी आणि फुटलेल्या अंड्यांची टरफलं तिच्या चहूबाजूंनी कड्यासारखी दिसतात. रिजिडसची अंडी तिच्या मागच्या अंगाला चंद्रकोरीसारखी दिसतात. एक पूर्ण कडं, एक कोर. एवढाच फरक. पण त्या फरकामागं दोन वेगळी आयुष्यं होती. रिजिडसची एक पिढी पुरी व्हायला डिस्ट्रक्टरच्या साधारण दीडपट वेळ लागतो, आणि डिस्ट्रक्टरला आवर घालणारे शत्रू तिच्यापुढं हात टेकतात. पुढं फिलिपिन्समध्येच रिजिडसच्या अंगात वाढणारी एक बारीक गांधीलमाशी सापडली. लागुना प्रांतातल्या कालाउआन गावावरून तिला कॉम्पेरिएला कालाउआनिका असं नाव मिळालं, आणि तिला वाढवून बागांत सोडण्याचं काम सुरू झालं. कीड कोण हे कळल्यावर तिचा वैरी कोण हे शोधता आलं.

हे वाचताना मला वाटलं, परक्या मुलखात एखादेवेळी असं व्हायचंच. पण मॅडमनी आणखी एक जुनी गोष्ट सांगितली आणि तिच्यात आपल्या देशाचाही धागा निघाला. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना १८७० च्या दशकापासून एका लाल खवले किडीनं छळलं होतं. मॅस्केल यांनी १८७९ मध्ये न्यूझीलंडमध्ये तिला नाव दिलं. आज ती अओनिडिएला ऑरँटी म्हणून ओळखली जाते. तिचे शत्रू शोधायला माणसं जगभर पाठवली गेली. पण पूर्वेकडच्या देशांत तिच्यासारख्या दिसणाऱ्या चार-पाच जाती आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या गेल्या. १९३७ मध्ये मॅकेन्झी यांनी पायजिडियमची कड बारकाईनं तपासून या जाती वेगळ्या करून दाखवल्या, तेव्हा किडीचं माहेर पूर्वेकडे आहे हे नीट कळलं.

तरी घोळ संपला नाही. आता शत्रूच्या नावात घोळ निघाला. या किडीवर जगणारी अ‍ॅफायटिस नावाची मिलिमीटरभर गांधीलमाशी चीनमध्ये होती, पण ती कॅलिफोर्नियात आधीच असलेल्या जातीचीच आहे असं समजून कुणी आणली नाही. ती वेगळी जात आहे हे लक्षात यायला १९४७ साल उजाडलं. पुढं १९५६-५७ मध्ये भारत आणि पाकिस्तानातून आणखी एक अ‍ॅफायटिस नेली गेली. तिचं नाव अ‍ॅफायटिस मेलिनस, आणि लाल खवले किडीवर सर्वांत प्रभावी ठरली ती हीच. आज जगातल्या कितीतरी लिंबूबागांत तिला मुद्दाम वाढवून सोडतात. जिला आपल्याकडे कुणी ओळखतसुद्धा नाही अशी ही आपली लेक परदेशात जाऊन नाव काढते आहे! दोन चुकीच्या नावांमुळे मधली काही दशकं मात्र वाया गेली.

एवढं ऐकल्यावर मी त्या झावळीच्या तुकड्यावर पुन्हा भिंग लावलं. मॅडमनी ढाल उचलून दाखवली. पूर्ण कडं होतं. डिस्ट्रक्टरच. आणि मग त्यांनी मला दुसरं काही दाखवलं, जे मी इतका वेळ बघत असूनही पाहिलं नव्हतं. बऱ्याच ढालींना बारीक गोल भोक पडलं होतं, टाचणीनं पाडल्यासारखं. "हे बघा, इथून गांधीलमाशी बाहेर पडून गेलीय," त्या म्हणाल्या. "आतली कीड खाऊन." तुकड्याच्या कडेला मसुराच्या अर्ध्या डाळीएवढा एक काळा चकचकीत ढालकिडाही बसला होता. हा कायलोकोरस निग्रिटस. आपल्या देशातला हा ढालकिडा १९३० च्या दशकाच्या शेवटी सेशेल्स बेटांवर नेण्यात आला होता, तिथल्या नारळांवरच्या खवले किडी खाण्यासाठी. त्याआधी १९२८ मध्ये फिजी बेटांवर याच डिस्ट्रक्टरला आवर घालायला त्रिनिदादहून एक दुसरा ढालकिडा आणला गेला होता, आणि तोही फार यशस्वी ठरला. म्हणजे लोकांनी जहाजातून नेला तो पाहुणा आमच्या झाडावर फुकट राबत होता, आणि आम्ही त्याच्यावर बाटली रिकामी करणार होतो.

घरी येऊन मी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. शास्त्रीय नावं मी गाळली. ढाल, भोक, काळा किडा एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग औषध नको ना?" नको म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि बाटली दुकानात परत पाठवली. नारळ काढायला येणाऱ्या गड्याकडून सगळ्यांत खराब अशा चार झावळ्या उतरवून घेतल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर आलेल्या झावळ्या हिरव्या होत्या. प्रत्येक झाडाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे शत्रू आधीच कामाला लागले होते, म्हणून थांबणं परवडलं. सांगीच्या किंवा बातांगासच्या झाडांवर थांबणं परवडलं नसतं. म्हणून तर नाव आधी कळायला हवं.

वाचकांपैकी ज्यांच्या परड्यात नारळ, आंबा, केळ, कढीलिंब आहे त्यांच्यासाठी दोन-चार खुणा सांगून ठेवते. पान चिकट लागतं का पाहा. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण या सगळ्या गोड चिकटा सोडतात, त्यावर मुंग्या येतात आणि मग काळी बुरशी धरते. ढालवाली खवले कीड चिकटा सोडतच नाही. त्यामुळे डाग आहे, पण पान कोरडं आहे आणि मुंग्या नाहीत, तर ही असण्याचा संभव मोठा. मग सुईनं चकती उचलून पाहा: सुटते का? सुटली तर ढालीला गोल भोकं आहेत का ते पाहा. असली तर फवारणीची घाई करू नका, कारण औषधानं आधी मरतात त्या बिचाऱ्या गांधीलमाश्या. कीड ढालीखाली बऱ्यापैकी सुरक्षित असते. आणि शंका असेल तर पान कागदी पिशवीत घालून कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात न्या. प्लास्टिकमध्ये ते घामेजतं. बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्युरो आहे, तिथं या किडी ओळखणारे तज्ज्ञ बसतात.

पिठ्या ढेकणावरून आठवलं. कानडीत त्याला हिट्टु तिगणे म्हणतात. हिट्टु म्हणजे पीठ, तिगणे म्हणजे ढेकूण. दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्यांनी एकच कीड पाहिली आणि एकच उपमा दिली. २००८ मध्ये कोइमतूरच्या बाजूला पपईवर असाच एक पिठ्या ढेकूण दिसला आणि बघता बघता कर्नाटकात तुतीवरही पोचला, रेशीमवाले हवालदिल झाले. पण तो मध्य अमेरिकेच्या बाजूचा पॅराकॉकस मार्जिनेटस आहे हे लवकर ओळखलं गेलं, आणि २०१० मध्ये त्याचे शत्रू पोर्टो रिकोहून बेंगळुरूला आले. ते सोडल्यावर थोड्याच काळात धाड ओसरली. ज्या किडीला योग्य नाव वेळेत मिळालं, तिची ही गोष्ट. तिची फार चर्चा झाली नाही, कारण संकट टळलं की माणसं विसरतात.

हे ओळखण्याचं काम करणारी माणसं मात्र आता मोजकीच उरली आहेत. मॅडम सांगतात, त्यांच्या विषयात विद्यार्थी येतात, पण काचपट्टी करत आठवडे घालवायला कुणाला आवडत नाही. नोकरीच्या जाहिरातीत या कौशल्याचं नाव सहसा नसतं. त्यात मला नवल वाटत नाही. माझ्या विषयात जुनी मोडी कागदपत्रं वाचणाऱ्यांचीही तीच गत आहे. दोन्हीकडे डोळे फुटेपर्यंत बारीक आकार बघायचे आणि शेवटी एक नाव लिहायचं. पण ज्या दिवशी ते नाव लागतं त्या दिवशी ते दुसऱ्या कशानंही मिळत नाही.

मॅडमच्या कपाटात लाकडी पेट्यांतून काचपट्ट्या ठेवल्या आहेत. काही त्यांच्या गुरूंनी केलेल्या, म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांतल्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला चिठ्ठी: कोणतं झाड, कोणतं गाव, कोणती तारीख, कुणी गोळा केली. एका पट्टीवर मला दोन चिठ्ठ्या दिसल्या. जुन्या चिठ्ठीवर एका जातीचं नाव होतं, शेजारच्या नव्या चिठ्ठीवर दुसऱ्या. मी विचारलं, जुनं नाव चुकीचं होतं तर ती चिठ्ठी काढून का नाही टाकली? तर म्हणाल्या, "तसं करत नाहीत हो. जुनी चिठ्ठी तशीच ठेवायची, नवी शेजारी लावायची. कोण काय म्हणालं होतं आणि का, हे मागून येणाऱ्याला कळायला हवं ना." आमच्या नारळावरच्या मादीची पट्टीही आता त्याच पेटीत आहे. तिच्या चिठ्ठीवर झाडाच्या नावाच्या जागी मॅडमनी नेहमीचं लॅटिन नाव लिहिलं आहे, आणि माझ्या आग्रहावरून खाली कंसात बारीक अक्षरांत नारळ आणि तेंगु, दोन्ही.